साथ, बातमी आणि घबराट

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. त्याआधी आपल्या बीड जिल्ह्यातही रुग्ण आढळले होते. वृत्तपत्रांतून मृतांचे आकडे शेकड्यांनी छापले गेले. अधिकृत नोंद देशभरात ५६ मृत्यूंची झाली. टेट्रासायक्लिन दुकानांतून गायब झाले. निरोगी माणसांनीच ते साठवले. वास्तविक वेळीच प्रतिजैविके मिळाल्यास प्लेग बरा होतो. उलट पळापळीने रोग दूरवर पोचण्याचा धोका वाढतो.

मालेगावसारख्या दाट वस्तीच्या शहराने हा धडा ध्यानात ठेवावा. साथीची बातमी वाचताना पाहावे : आकडा संशयितांचा की तपासणीत सिद्ध झालेल्यांचा? तो दिला कोणी? ताप मात्र अंगावर काढू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावे.