बाग आखायची ती खुर्चीतून

अरे, मागच्या खोलीचं ऑफिस केलंस, छान झालं. आता तिच्यालगतचं बारा बाय अठराचं परस नव्याने करायचं म्हणतोस, तर नर्सरीत जाण्याआधी आत्याचं थोडं ऐकून घे. नर्सरीत गेलेला माणूस आधी झाडं घेऊन येतो आणि मग ती कुठे लावू म्हणून हिंडतो. आपण उलटं करायचं.

पहिलं काम म्हणजे आपल्या कामाच्या खुर्चीत बसायचं आणि खिडकीतून काय दिसतं ते बघायचं. तू दिवसाचे आठ-नऊ तास तिथे असणार, बागेत उभा असशील दहा-पंधरा मिनिटं. तेव्हा बाग आखायची ती खुर्चीतून. पश्चिमेच्या कंपाउंड भिंतीला पांढरा रंग दिलाय ना? सकाळी तिच्यावर ऊन पडलं की ते परतून थेट तुझ्या स्क्रीनवर येईल. पडदा ओढून बसायचं असेल, तर बाग केली कशाला? त्या भिंतीवर वेल हवा. मात्र भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून तारा ओढ आणि वेल तारांवर चढव. भिंतीला चिकटला की मागे ओल धरते. मधुमालती सगळ्यांना आवडते, मलाही, पण बघता बघता ती गच्चीवर पोचते आणि दर पावसाळ्यात कात्री घेऊन तिच्यामागे लागावं लागतं. एवढ्याशा जागेत जुई किंवा गोकर्ण पुरे.

उन्हाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेव. आत्ता, चैत्रात, परसात फिरून "इथे भरपूर ऊन आहे" असं ठरवशील, तर फसशील. पुण्यात मेच्या मध्याला दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो, भिंतीची सावली पायथ्याशीसुद्धा सापडत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि सहा फुटी भिंतीची सावली भर दुपारीही पाच फुटांहून जास्त आत येते. मेथी-कोथिंबीर लावायचे दिवस नेमके तेच. म्हणून दक्षिणेच्या भिंतीपासून पाच-सहा फुटांवर चुन्याची रेघ मार. रेघेच्या आतल्या पट्ट्यात अळू, हळद, पुदिना, पानओवा. पालेभाजीचे वाफे रेघेपलीकडे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावर कुणी बोलत नाही. ऑफिसच्या भिंतीला लागून वाफा करू नकोस. "खिडकीखाली फुलं छान दिसतील" असं सूनबाई म्हणेल, तिला हे वाचून दाखव. माती जोत्याच्या वर चढली आणि रोज पाणी पडलं, की ओल आतल्या प्लास्टरपर्यंत येते. पोपडे सुटतात, आणि तुझी तर सगळी वायरिंग त्याच भिंतीत. शिवाय वाळवी. भिंतीलगत दोन फूट रुंद शहाबादी फरशीचा पट्टा कर, बाहेरच्या बाजूला अर्धा-पाऊण इंच ढाळ देऊन. गवंडी म्हणेल, "साहेब, सपाट छान दिसतंय." ऐकायचं नाही. फरशीवर बादलीभर पाणी ओतून दाखवायला सांग, ते भिंतीकडे आलं तर पुन्हा बसवून घे. या उघड्या पट्ट्याचा आणखी एक फायदा आहे. जमिनीतून निघून जोत्यावर चढणारी, पेन्सिलीएवढी मातीची नळी लगेच नजरेला पडते. ती वाळवीची वाट असते. नुसती खरवडून भागत नाही, ती पुन्हा बांधतात. नळी दिसली की त्याच आठवड्यात औषधवाल्याला बोलाव.

माती म्हणशील तर वरच्या चार बोटांवर जाऊ नकोस. बांधकाम संपल्यावर राडारोडा तिथेच पसरून वर थोडी माती टाकायची, ही सगळीकडची रीत. दीड फुटाचा खड्डा घे. विटांचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे निघाले तर काढून टाक. सिमेंटातल्या चुन्याने मातीतलं लोह झाडाला मिळत नाही, लिंबाची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग लोक खतामागून खत घालत बसतात. त्याच खड्ड्यात पाणी भरून ठेव. दुसऱ्या दिवशीही ते तसंच असेल, तर खाली निचरा नाही. अशा ठिकाणी वाफे जमिनीपासून फूटभर उंच करायचे, खोल खणायचे नाहीत. भरायला पोयटा, मुरलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड.

मोठं झाड लावायचा मोह आवर. शेवगा भराभर वाढतो, पण त्याचं लाकूड ठिसूळ, वाऱ्यात फांदी मोडते, आणि पावसाळ्यात केसाळ अळ्या येतात. तो खिडकीजवळ तर नकोच. भिंतीच्या फटीत कावळ्याच्या कृपेने उगवलेला पिंपळ बोटभर असतानाच उपट. शहरात झाड लावायला कुणाला विचारावं लागत नाही, पण तोडायला 1975 च्या राज्याच्या वृक्षकायद्याने परवानगी लागते, मग ते आपल्या आवारातलं का असेना.

खिडकीसमोर, पट्ट्याच्या पलीकडे, कागदी लिंबू लाव. कधी पानावर पाखराची विष्ठा पडल्यासारखं दिसेल. हात लावण्याआधी नीट बघ, बहुधा ती फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचलीस तर डोक्यामागून लाल शिंगं काढते. आपल्या राज्याचं फुलपाखरू, राणी पाकोळी, लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालते. चार पानं खाल्ली तर खाऊ दे.

एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर काही लावू नकोस, गरम वाऱ्याने करपतं. त्याच्या नळीचं पाणी मात्र बादलीत धर, त्यात क्षार जवळजवळ नसतात, कुंड्यांना चालतं. पण बादली तुंबून ठेवायची नाही आणि कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा पालथ्या करायच्या. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. कारंजं वगैरे नको. मीटिंगमध्ये तुझ्या बोलण्यापेक्षा त्याच्या मोटरचीच घरघर ऐकू जाईल.

खोदकाम, फरशी, तारा हे सगळं उन्हाळ्यातच उरकून घे, उघडी माती वैशाखात चांगली तापू दे. मृग 7 जूनच्या सुमारास लागतो, पण पहिल्या सरीला भुलू नकोस. दुसरा चांगला पाऊस झाल्यावर, संध्याकाळच्या वेळी रोपं लाव. तोवर नर्सरीत पाऊल टाकू नकोस, आणि गवंड्याला आगाऊ पैसे अर्ध्याहून जास्त देऊ नकोस.