नवतप्यातला प्रोसेसर

डेस्कटॉप संगणकाच्या प्रोसेसरसाठी ग्राहकापुढे कंपन्या दोनच असतात, इंटेल आणि एएमडी. त्यांची तुलना किंमत, वेग आणि ओव्हरक्लॉकिंग या तीन अंगांनी होते. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा चिप जास्त पळवणे. गोंदिया जिल्ह्यात यात खोलीच्या तापमानाची भर घालावी लागते, कारण तुलनेचे आकडे थंड खोलीत घेतलेले असतात आणि संगणक मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली चालतो.

ओव्हरक्लॉकिंगची मुभा दोन्ही कंपन्या वेगवेगळ्या रीतीने देतात. इंटेलच्या ज्या चिपच्या नावाशेवटी ‘के’ असतो तिचाच गुणक, म्हणजे चिपचा वेग ठरवणारा आकडा, खुला असतो, आणि तिलाही ‘झेड’ मालिकेतला मदरबोर्ड लागतो. ‘बी’ मालिकेच्या बोर्डावर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा गुणक वाढवता येत नाही. एएमडीचे रायझन २०१७ साली आले तेव्हापासून जवळपास सगळे डेस्कटॉप रायझन खुले आहेत आणि त्यांना ‘बी’ बोर्डही चालतो. ‘ए’ मालिकेचे बोर्ड तेवढे टाळावे लागतात. रायझन ७ ५८००एक्स३डी हा ठळक अपवाद, त्याचा गुणक बंद ठेवला होता.

प्रस्तुत लेखकाची पहिली फसगत या अक्षरांतच झाली. २०२२च्या लग्नसराईआधी लग्नांचे व्हिडिओ एडिट करण्यासाठी त्याने कोअर आय५-१२६००के घेतला. “के वाला आहे भाऊ, पाहिजे तेवढा पळवा,” असे म्हणत दुकानदाराने सोबत बी६६० बोर्ड बांधून दिला. चिप खुली होती, बोर्ड बंद होता. बायोसमध्ये गुणक वाढवायला गेल्यावर आकडा जागचा हलेना, तेव्हा हा उलगडा झाला. ‘के’ चिपच्या डब्यात कूलर येत नाही हेही घरी आल्यावरच कळले. बोर्ड बदलायला एक आणि कूलर आणायला एक, अशा नागपूरच्या दोन खेपा झाल्या.

म्हणून किंमत विचारताना एकट्या प्रोसेसरची विचारू नये. प्रोसेसर, बोर्ड आणि कूलर या तिन्हींचे जीएसटीसह एकत्र कोटेशन घ्यावे आणि त्यावर बोर्डाचे पूर्ण नाव लिहून घ्यावे. बाजारात आले तेव्हा आय५-१२४०० ची जाहीर किंमत १९२ डॉलर होती आणि १२६००के ची २८९. हा फरक ग्राहकाला दिसतो. झेड बोर्ड आणि वेगळा कूलर यांचा खर्च त्यात धरलेला नसतो. रायझन ५ ५६०० एप्रिल २०२२ मध्ये १९९ डॉलरला आला. तो आणि १२४०० दोन्ही ६ कोअर, १२ थ्रेडचे, दोन्ही ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारे, दोन्हींच्या डब्यात कूलर. रोजच्या कामात त्यांच्यातला फरक हाताला जाणवत नाही.

निवड मग कामावरून ठरते. ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, त्यामुळे वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागते. १२४०० मध्ये ते आहे आणि एच.२६५ प्रकारातले ४:२:२, १०-बिट व्हिडिओ ते हार्डवेअरमध्येच उलगडते. नव्या कॅमेऱ्यांवर लग्ने टिपणाऱ्या स्टुडिओला टाइमलाइन अडखळत नाही, याचे मोल घड्याळाच्या दोन-तीनशे मेगाहर्ट्झहून जास्त असते. मात्र नावाशेवटी ‘एफ’ असलेली इंटेल चिप घेतली की ही सोय जाते. उलट पुढे फक्त प्रोसेसर बदलून यंत्र चालवत राहायचे असेल, तर एएमडीची बाजू भक्कम. त्यांच्या एएम४ सॉकेटवर २०१७चे अनेक बोर्ड बायोस अद्ययावत केल्यावर ५००० मालिकेच्या चिपही घेतात. इंटेलचा एलजीए१७०० सॉकेट १२व्या ते १४व्या पिढीपर्यंत चालला.

ओव्हरक्लॉकिंगची कीर्ती जुन्या काळातली आहे. १९९८चा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर बसचा वेग ६६ वरून १०० केला की ४५० वर चाले. दीडपट वेग, तोही फुकटात. आता टर्बो आणि बूस्टच्या नावाने कंपन्या चिपमधली बहुतेक ताकद स्वतःच काढून घेतात. लेखकाने झेड बोर्डावर १२६००के चे मोठे कोअर एकत्र चालतानाच्या ४.५ वरून ५.१ गिगाहर्ट्झवर नेले, म्हणजे १३ टक्के वाढ. त्यासाठी व्होल्टेज सुमारे १.२० वरून १.३५ करावे लागले. चिपची उष्णता वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्या हिशेबाने १३ टक्के वेगासाठी अंदाजे ४३ टक्के जास्त उष्णता पदरी पडली. रायझनवर तर एवढाही लाभ क्वचितच होतो. सगळे कोअर हाताने एका वेगावर बांधले की एका कोअरचा आपोआप मिळणारा बूस्ट उलट कमी होऊ शकतो.

फेब्रुवारीत हे ठीक चालले. कूलर चिपला खोलीच्या हवेपेक्षा काही अंश वर थोपवून धरतो, हवेच्या खाली नेत नाही. २२ अंशांच्या खोलीत ८५ दाखवणारी चिप ४० अंशांच्या खोलीत १०० ओलांडू पाहते, आणि १२६००के ची कमाल मर्यादा १०० अंशच आहे. नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापलेल्या दिवसांत, एका रात्री हळदीचा व्हिडिओ एक्स्पोर्ट होत असताना तापमान १०० ला टेकले आणि वेग ५.१ वरून ३.८ पर्यंत खाली आला. मूळ सेटिंगवर तेच काम लवकर संपले. दुसऱ्या एका फाइलमध्ये काही फ्रेम हिरव्या निघाल्या. यंत्र बंद पडले नव्हते की त्याने चूक दाखवली नव्हती, त्यामुळे ते पाहुण्यांच्या घरी टीव्हीवर लावल्यावर दिसले.

विदर्भात कूलर शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही इथे कामाचे. लेखकाने वाळ्याच्या ताटीचा मोठा कूलर थेट कॅबिनेटकडे वळवून पाहिला. तापमान उतरले, पण महिनाभरात कॅबिनेटचे स्क्रू गंजले आणि पंख्याच्या पात्यांवर पाण्यातल्या क्षाराचा पांढरा थर बसला. कूलरची हवा खोलीत फिरावी, यंत्रावर येऊ नये. दिवाळीनंतर धान चुरायला लागले की कोंड्याची बारीक धूळ हीटसिंकच्या पट्ट्यांत भरते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा.

यूपीएसचाही हिशेब बदलतो. ६०० व्हीए चा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. ओव्हरक्लॉक केलेली चिप आणि ग्राफिक्स कार्ड एकत्र जोरात असताना लाइन गेली, तर तो एक शिट्टी देऊन बंद होतो.

ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान हमीत बसत नाही. जास्त व्होल्टेज चिपला कायमची दुखापत करते, याचा मोठा दाखला २०२४ मध्ये मिळाला. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या काही चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याने अस्थिर झाल्या. कंपनीने ऑगस्टमध्ये दुरुस्त मायक्रोकोड दिला आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. आधीच बिघडलेली चिप मात्र त्या दुरुस्तीने सुधारत नाही. या पिढीची जुनी चिप घेताना बोर्डाचा बायोस नवा आहे का, हे आधी पाहावे.

उन्हाळ्यात उलट दिशेने जाणे फायद्याचे ठरते. इंटेलच्या बोर्डांवर बायोसमध्ये वॉटची मर्यादा घालता येते. रायझन ५००० मालिकेला कर्व्ह ऑप्टिमायझरने व्होल्टेज उतरवता येते, ७००० मालिकेत तयार इको मोड आहे. वेग थोडा घटतो, उष्णता बरीच. लेखकाच्या १२६००के वर आता एप्रिलपासून १०० वॉटची मर्यादा असते. शेतात पऱ्हे टाकायला सुरुवात होते त्या सुमारास ती काढली जाते.