संडासाच्या खड्ड्यांत काय जाऊं नये

शेतकऱ्यास खताची किंमत सांगावयास नको. शेणखताच्या खड्ड्यांत फुटकी कांच किंवा चिंध्या पडलेल्या दिसल्या तर आपण घरच्या माणसांस रागें भरतों. परंतु घरामागील संडासाचा खड्डा हाही खताचाच खड्डा आहे, हें आपल्या ध्यानीं राहत नाहीं.

२०१४ सालीं सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानांत खेड्यांसाठीं दोन शोषखड्ड्यांच्या संडासावर भर देण्यांत आला. त्याची रचना अशी : मैला टमरेलभर पाण्याबरोबर एका खड्ड्यांत जातो. भिंतीस ठेवलेल्या भोंकांतून पाणी व वायु मातींत मुरतात आणि उरलेला घट्ट भाग सूक्ष्म जंतु कुजवितात. तो खड्डा भरला म्हणजे मधल्या कुंडींतून प्रवाह दुसऱ्या खड्ड्याकडे वळवावयाचा व पहिला दीड-दोन वर्षें बंद ठेवावयाचा. या मुदतींत रोगजंतु मरतात, दुर्गंधि जाते व काळसर, भुसभुशीत सोनखत हातीं येतें. कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे अप्पासाहेब पटवर्धन यांनीं मैल्याच्या खताचा जो प्रचार केला, त्याचें मर्म हेंच होतें.

या व्यवस्थेस बाध आणणाऱ्या वस्तु तीन प्रकारच्या आहेत.

पहिला प्रकार न कुजणाऱ्या किंवा सावकाश कुजणाऱ्या वस्तूंचा. प्लास्टिकच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, विड्यांचीं थोटकें, दाढीचीं पातीं, केसांचे गुंतवळ, चिंध्या, बालकांचे डायपर व मासिक पाळींत वापरावयाच्या तयार घड्या, हीं सर्व यांत येतात. डायपर व घड्या पाणी पिऊन फुगतात व नळ तुंबवितात. त्यांतील प्लास्टिक तर वर्षानुवर्षें तसेंच राहतें.

दुसरा प्रकार मातीचीं छिद्रें बुजविणाऱ्या वस्तूंचा. खरकटें तेल-तूप, राख व भांडीं घासल्याचा गाळ यांमुळें पाणी मुरणें मंदावतें. न्हाणीचें व पागोळ्यांचें पाणीही या खड्ड्यांत सोडूं नये. त्याच्या भारानें खड्डा अकालीं तुडुंब भरतो.

तिसरा प्रकार विषारी पदार्थांचा. फिनेल, अॅसिड, उरलेलीं जंतुनाशक औषधें व कीटकनाशकाचें धुवण यांनीं कुजविणारे जंतुच मरतात, आणि मुरलेलें विष विहिरीच्या पाण्यापर्यंत पोहोंचण्याची भीति असते. औषधाचा डबा तीनदां विसळून तें पाणी फवारणीच्या पंपांतच ओतावें. भांडें घासण्यास ब्रश व थोडें पाणी पुरे.

आमच्या घरचा खड्डा पांच वर्षें पुरेल असें गवंड्यानें सांगितलें होतें. तो तिसऱ्याच वर्षीं भरला. आम्ही घरांतील बायकामुलांस दोष दिला व सर्वांस बसवून उपदेशही केला. दोन वर्षांनीं खत काढण्यास गडी लाविला. खत चांगलें कुजलेलें होतें, पण तें उचलतांना त्याचें बोट खोल कापलें. हातांत आलें तें दाढीचें अर्धें पातें होतें. आणि घरांत तसलीं पातीं वापरणारे आम्ही एकटेच. त्यास दवाखान्यांत नेलें, धनुर्वाताची सुई टोंचविली. तें खत पुढें चाळून घ्यावें लागलें, परंतु त्या दिवसापासून उपदेश मात्र बंद झाला.

सेप्टिक टाकी असलेल्या घरीं हेच नियम अधिक कसोशीनें पाळावेत. तुंबलेल्या टाकींत विषारी वायु सांठतो व आंत उतरलेला मनुष्य क्षणांत बेशुद्ध होऊन प्राणास मुकतो. त्यास काढावयास गेलेलाही वांचत नाहीं. संरक्षक साधनांवांचून कोणास टाकींत उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. टाकी मैला उपसणाऱ्या गाडीकडूनच रिकामी करवावी.

यावर उपाय अल्प खर्चाचा आहे. संडासांत झांकणाचा एक डबा ठेवावा. घड्या व डायपर कागदांत गुंडाळून त्यांत टाकावेत व ग्रामपंचायतीच्या कचरागाडींत द्यावेत. पातीं निराळ्या पत्र्याच्या डबींत सांठवावींत. खतावणींत जें जमेस धरलें तेंच अखेर शिल्लक निघतें. खड्ड्याचा हिशेबही तसाच आहे. फरक इतकाच कीं येथील चुकीची वसुली बहुधा दुसऱ्या कोणाच्या हातापायांकडून होते.