दोन नवे छंद : खेळाचें परीक्षण व काटकसरीचा जोड

आपल्या मराठींत छंद आणि नाद असे दोन शब्द आहेत. वरवर पाहतां दोहोंचा अर्थ एकच. परंतु घरांतील वडील माणसें ते उच्चारतांना त्यांत मोठें अंतर ठेवितात. मुलाला वाचनाचा छंद आहे, असें कौतुकानें सांगतात. आणि मुलाला पत्त्यांचा नाद लागला, असें म्हणतांना त्यांच्या कपाळाला आठी पडते. ज्याला आपण धरितों तो छंद व जो आपणांस धरितो तो नाद, अशी व्याख्या आम्ही करूं. हल्लीं पुष्कळ मुलांच्या हातीं दोन गोष्टी दिसतात. एक पडद्यावरचे खेळ, म्हणजे व्हिडिओ गेम. दुसरी, जमविण्याचे व अदलाबदल करण्याचे चित्रमय पत्ते. या दोन्ही गोष्टींचा नाद लागण्यास वेळ लागत नाहीं. परंतु पहिलीचें परीक्षण लिहून व दुसरींत काटकसरीनें जोड बांधून त्यांस छंदाच्या पदवीस नेतां येतें. तें कसें, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

पत्त्यांचा नवा खेळ

पत्ते आपल्या प्रांतास नवीन नाहींत. गंजिफा हा सावंतवाडीचा खेळ प्रसिद्धच आहे. त्याचीं पानें वाटोळीं व हातानें रंगविलेलीं असतात. दशावतारी प्रकारांत दहा अवतारांचे दहा रंग व प्रत्येक रंगाचीं १२ पानें, मिळून १२० पानें होतात. तेथें सर्व खेळाडू एकाच जोडांतून पानें घेतात. म्हणून खेळावयास बसल्यावर श्रीमंत व गरीब हा भेद उरत नाहीं. नव्या खेळाचा प्रकार निराळा आहे. त्यांत प्रत्येक खेळाडू आपला जोड घरूनच बांधून आणितो.

या जातीचा पहिला मोठा खेळ ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा अमेरिकेंत १९९३ सालीं निघाला. त्याचा कर्ता रिचर्ड गारफील्ड हा गणिताचा अभ्यासक. त्यानें प्रथम ‘रोबोरॅली’ नांवाचा पटावरचा एक खेळ ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या त्या वेळीं लहान असलेल्या कंपनीस दाखविला. पण तो छापण्यास खर्च फार येणार होता. तेव्हां कंपनीनें थोड्या खर्चाचा, सहज जवळ बाळगतां येणारा व लवकर आटोपणारा खेळ मागितला, आणि त्यांतून हा पत्त्यांचा खेळ जन्मला. काटकसरीच्या अडचणींतून जन्मलेल्या खेळांतच पुढें लोक पाण्यासारखा पैसा ओतूं लागले, ही ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

त्याचे नियम थोडक्यांत असे. दोन खेळाडू समोरासमोर बसतात व प्रत्येकास आरंभीं २० प्राण असतात. जोडांत कमींत कमी ६० पानें पाहिजेत. मूळ भूमीचीं पानें सोडलीं तर एका नांवाचीं चारांहून अधिक पानें ठेवतां येत नाहींत. प्रथम सात पानें हातांत घ्यावयाचीं, आपल्या पाळीस एक भूमि मांडावयाची, व भूमीपासून मिळणाऱ्या शक्तीनें बाकीचीं पानें खेळावयाचीं. प्रतिपक्षाचे प्राण शून्यावर आणणारा सामान्यतः जिंकतो.

पैसा कोठें जातो ?

पानें बंद पाकिटांतून विकतात. आरंभींच्या पाकिटांत १५ पानें असत : एक दुर्मिळ, तीन मध्यम व बाकीचीं साधीं. दुर्मिळ पान कोणतें, हें पाकीट फोडल्यावांचून कळत नसे. मोहाचें मूळ येथेंच आहे. समजा, एका मालिकेंत ५० दुर्मिळ पानें सारख्या संख्येनें छापलीं आहेत व दर पाकिटांत त्यांपैकीं एक येतें. मनांत धरलेलें पान एका पाकिटांत सांपडण्याचा संभव ५० त १. मग ५० पाकिटें घेतलीं म्हणजे तें मिळालेंच, असें पुष्कळांस वाटतें. पण गणित तसें सांगत नाहीं. ४९/५० हा अपूर्णांक ५० वेळां घेऊन गुणाकार केला असतां सुमारें ०.३६ येतो. म्हणजे १०० मुलांनीं प्रत्येकीं ५० पाकिटें फोडलीं, तरी सुमारें ३६ मुलांस तें पान मिळणार नाहीं. पडद्यावरच्या कांहीं खेळांतही पैसे देऊन उघडावयाच्या अशाच बंद पेट्या असतात. बेल्जियमच्या जुगार-नियामक मंडळानें २०१८ सालीं अशा पेट्यांस जुगार ठरविलें.

या मोहाची झळ सर्वांस सारखी लागत नाहीं. ज्याच्या घरीं महिनाअखेरीस ओढाताण असते, त्या मुलास सोबत्याचे चकचकीत पत्ते पाहून लाज वाटूं लागते, आणि ती लाज कधीं कधीं आईच्या डब्यांतील पैशांपर्यंत हात नेते. दुसरीकडे, एखादा जाणता मुलगा धाकट्याचें किंमती पान एका निकामी पण झगझगीत पानाच्या बदल्यांत घेतो आणि त्यास चातुर्य म्हणतो. तें चातुर्य नसून लबाडी आहे. अदलाबदल करण्यापूर्वीं दोन्ही पानांची बाजारांतील किंमत मोठ्यानें सांगावी, हा नियम मुलांनीं आपसांत पाळल्यास पुष्कळ भांडणें टळतील.

जोड कसा बांधावा ?

शुभवर्तमानांत बुरूज बांधणाऱ्या मनुष्याचा दाखला आहे. पाया घालण्याच्या आधीं खर्चाचा हिशेब केला पाहिजे, हा त्याचा बोध. जोड बांधणारानेंही प्रथम रक्कम ठरवून ती वहींत लिहावी, व जें पान हवें तेंच सुटें विकत घ्यावें किंवा बदलून घ्यावें.

दुसरी गोष्ट मैदानाची निवड. मॅजिक खेळाचा ‘पॉपर’ म्हणून एक प्रकार आहे. या नांवाचा अर्थच निर्धन असा होतो. त्यांत साधीं म्हणून कधींना कधीं छापलेलीं पानेंच चालतात, व त्यांतीलही कांहीं निषिद्ध आहेत. कागदी खेळाचे व संगणकावरील खेळाचे याविषयींचे नियम २०१९ सालीं एक करण्यांत आले. सोबत्यांनीं मिळून हें मैदान पत्करलें, तर थोड्या पैशांत चुरशीचा खेळ होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे जोडाचा एकच हेतु असावा. उदाहरणार्थ, ‘लाइटनिंग बोल्ट’ हें तांबड्या रंगाचें साधें पान एका भूमीच्या शक्तीनें प्रतिपक्षाचे तीन प्राण हरण करितें. प्राण २०, म्हणजे अशीं सात पानें लागू पडलीं कीं काम झालें. पण एका नांवाचीं चारच ठेवतां येतात. म्हणून ‘लाव्हा स्पाइक’ सारखीं त्याच कामाचीं दुसरीं पानें शोधावीं लागतात. नांवाची कीर्ति सोडून कामाकडे पाहण्याची संवय येथें लागते.

चौथी गोष्ट, जोड फुगवूं नये. ६० पानांच्या जोडांत एका नांवाचीं चार पानें असल्यास पहिल्या सातांत त्यांपैकीं निदान एक येण्याचा संभव शेंकडा सुमारें ४० असतो. आवडतीं पानें भरून जोड ८० चा केला, तर तोच संभव शेंकडा ३१ वर उतरतो. ‘हेंही असूं द्या, तेंही असूं द्या’ म्हणणाराचें असें नुकसान होतें.

पांचवी गोष्ट शक्तीच्या चढाची. पाळीस एकच भूमि मांडतां येत असल्यामुळें पांच शक्तींचें पान बहुधा पांचव्या पाळीपूर्वीं खेळतां येत नाहीं. ज्याचा सगळा जोड अशा भारी पानांचा, तो चार पाळ्या हात बांधून बसतो. म्हणून एका व दोन शक्तींचीं पानें पुष्कळ, तीन-चारांचीं बेताचीं व त्यापुढील अगदीं थोडीं ठेवावीं.

शेवटीं, एकही पैसा खर्चण्यापूर्वीं कागदाच्या ६० चिठ्ठ्यांवर पानांचीं नांवें लिहून घरीं वीस डाव खेळावे आणि हार-जीत व तिचें कारण टिपून ठेवावें. अधिकृत सामन्यांत अशा चिठ्ठ्या चालत नाहींत. परंतु कोणतें पान खरोखर हवें व कोणतें नको, हें त्या फुकट शिकवितात. महागड्या जोडापुढें स्वस्त जोड नेहमीं टिकेल, असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र ज्यानें आपला पराजय वहींत लिहून त्याचें कारण शोधिलें, त्याचे पैसे व वेळ वायां गेले नाहींत.

परीक्षण कसें लिहावें ?

आतां पडद्यावरील खेळांकडे वळूं. खेळून झाल्यावर ‘झकास’ किंवा ‘भिकार’ एवढेंच म्हणणें हा अभिप्राय झाला. त्यास परीक्षण म्हणतां येत नाहीं. परीक्षकानें चार प्रश्नांचीं उत्तरें दिलीं पाहिजेत : या खेळांत करावयाचें काय ? तो कठीण कशामुळें होतो ? कर्त्यानें जें साधूं म्हटलें तें साधलें काय ? आणि जो पैसा व वेळ तो मागतो, त्याच्या योग्यतेचा तो आहे काय ?

‘टेट्रिस’चें उदाहरण घ्या. अलेक्सी पाजित्नोव्ह यानें तो १९८४ सालीं मॉस्को येथें केला. त्याच्या यंत्रावर चित्रें काढण्याची सोय नव्हती. म्हणून ठोकळे कंसाच्या चिन्हांनीं दाखविले होते. चार चौकोनांचे सात आकार वरून पडतात, ते फिरवून आडवी ओळ पुरी भरावयाची, एवढाच खेळ. तरीही तो आजतागायत टिकला आहे. कारण नियम क्षणांत कळतो व प्रत्येक चूक डोळ्यांपुढें रचत जाते. परीक्षणांत असें कारण सांगतां आलें पाहिजे.

दोषाचेंही तसेंच आहे. ‘ई. टी.’ नांवाचा अटारी कंपनीचा खेळ १९८२ सालीं नाताळच्या विक्रीसाठीं हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यास सुमारें पांच आठवड्यांत पुरा करावा लागला. नायक वारंवार खड्ड्यांत पडतो, ही त्याविषयींची मुख्य तक्रार होती. न खपलेला माल १९८३ सालीं न्यू मेक्सिकोंतील आलामोगोर्डो येथें पुरला गेला व २०१४ सालीं त्यांतील कांहीं उकरून काढण्यांत आला. केवळ कर्त्यास हंसणारा परीक्षक येथें अर्धेंच सत्य सांगेल. घाई कोणीं लादली, हेंही न्यायानें लिहिलें पाहिजे.

आपल्या पुण्याचें उदाहरणही आहे. तेथील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळीनें २०२० सालीं ‘राजी’ हा खेळ काढिला. त्यांत एक मुलगी हरवलेल्या धाकट्या भावास शोधीत असुरांशीं लढते. त्याच्या चित्रकलेची परीक्षकांनीं वाखाणणी केली व लढाईंतील उणिवाही दाखविल्या. आपल्या प्रांताचा म्हणून दोष झांकणें, किंवा आपला म्हणूनच त्यास कमी लेखणें, हीं दोन्ही परीक्षकास शोभत नाहींत. गुणांच्या आंकड्यावरही भिस्त ठेवूं नये. जपानांतील ‘फामित्सू’ या नियतकालिकांत चार परीक्षक प्रत्येकीं दहांपैकीं गुण देतात, आणि १९९८ सालीं झेल्डा मालिकेंतील ‘ओकारिना ऑफ टाइम’ या खेळास तेथें प्रथमच ४० पैकीं ४० मिळाले. पण कारणांवांचून तो आंकडा वाचकास कांहींच शिकवीत नाहीं.

पालकांस दोन शब्द

मूल काय खेळतें, एवढेंच न विचारतां, ‘त्याविषयीं काय लिहिलेंस ? हिशेबाची वही दाखव,’ असें पालकांनीं विचारावें. वही नीट असेल तर भय बाळगण्याचें कारण थोडें. वही नाहीं, झोप कमी, अभ्यास मागें आणि विचारल्यास राग, अशीं चिन्हें दिसलीं, तर नाद लागला असें समजून रागावण्याऐवजीं जवळ बसावें.

अभ्यास

१. ६० पानांच्या जोडांत एक पान एकदांच ठेविलें आहे. तें पहिल्या सातांत येण्याचा संभव काढा.
२. त्याच जोडांत २४ भूमि असल्यास पहिल्या सात पानांत सरासरीनें किती भूमि येतील ?
३. तुमच्या सर्वांत आवडत्या खेळाचें परीक्षण दोनशें शब्दांत लिहा. त्यांत एक दोष कारणासहित दाखविलाच पाहिजे.