‘मंडळी’ आणि ‘मी’: मराठी ख्रिस्ती भजनाच्या अभ्यासातील एक प्रश्न

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ख्रिस्ती काव्याची नोंद बहुधा दोन ठिकाणी होते. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ भाषेच्या अभ्यासाचे साधन म्हणून येते आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून येतात. टिळकांच्या अभंगांचा व भजनांचा विचार झालाच, तर तो त्यांच्या धर्मांतराच्या चरित्रकथेला जोडून होतो, आणि मग ही सारी रचना एका अस्वस्थ, श्रद्धाळू मनाचे आत्मनिवेदन ठरते. या वाचनातून एक साधी गोष्ट निसटते. ही भजने एकांतात वाचण्यासाठी नव्हेत, तर एकत्र जमलेल्या माणसांनी म्हणण्यासाठी रचलेली आहेत. ज्या समूहाच्या तोंडी ती गेली, तो समूह बाजूला ठेवून त्यांचा अर्थ पुरता लागत नाही, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

या समूहाला मराठी ख्रिस्ती भाषेत ‘मंडळी’ म्हणतात. इंग्रजीतील ‘चर्च’ हा शब्द वास्तू, तेथे जमणारी माणसे आणि त्यांची संस्था या तिन्हींना पुरतो. मराठीत वास्तूला ‘देऊळ’ वा ‘मंदिर’ आणि माणसांना ‘मंडळी’ अशी वाटणी झाली. बायबलच्या मराठी भाषांतरांनी मूळ ग्रीक ‘एक्लेसिया’साठी हाच शब्द रुळविला. ‘संघ’, ‘समाज’, ‘सभा’ असे भारदस्त शब्द हाताशी असताना ‘घरची मंडळी’, ‘सोयरेमंडळी’ यांतला हा घरगुती शब्द टिकला, हे लक्षणीय आहे. परंतु या घरगुतीपणात एक पेचही होता. मराठी घरात ‘आपली मंडळी’ म्हणजे एका पंक्तीला बसू शकणारी माणसे. ख्रिस्ती मंडळीत तर एका पंक्तीला कधीच न बसलेली माणसे एकत्र यावयाची होती. शब्द जुना राहिला, त्याची अट मात्र उलटी झाली.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले आणि १८३१ पासून अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे त्यांचे प्रमुख केंद्र बनले. ‘ज्ञानोदय’ तेथेच १८४२ मध्ये सुरू झाला. आरंभीच्या ख्रिस्ती लेखनात ब्राह्मण धर्मांतरितांचा आवाज ठळक ऐकू येतो; पण नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्या वाढल्या त्या मुख्यतः महार व मांग समाजातील कुटुंबांमुळे. लिहिणारे आणि गाणारे यांच्यात हे जे सामाजिक अंतर होते, त्याची दखल आपल्या समीक्षेने फारशी घेतलेली नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त मात्र ते स्पष्ट दिसते. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी विटाळाचे नियम दीर्घकाळ सांभाळले. पुढे जातिभेद हा देवाने नव्हे, माणसांनी केला असे त्यांना पटले आणि त्यांनी तो टाकला. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला, म्हणजे यानंतरचा. आधी पंगत, मग पंथ, असा हा क्रम आहे. आत्मचरित्राच्या अभ्यासकांनी या प्रसंगाचे नर्मविनोदी कथन पुष्कळ वाखाणले आहे, आणि ते आहेही तसेच. तथापि मंडळीचा खरा उंबरठा कोणता होता याचा हा मोठा साहित्यिक पुरावा आहे.

आता गाण्याकडे वळू. मंडळीच्या उपासनेत दोन प्रकारची गीते शेजारी शेजारी नांदत आली. एक, पाश्चात्त्य चालींवर बसविलेली भाषांतरित गीते. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी या प्रकाराचा पाया घातला. दुसरा, अभंग, पद, भजन, आरती या देशी घाटांतील रचना. ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहात दोन्ही आढळतात. हा फरक केवळ अभिरुचीचा मानला जातो, ते योग्य नाही. इंग्रजी स्तोत्राची चाल आघातांवर उभी असते आणि मराठी पद्य ऱ्हस्व-दीर्घांच्या मात्रांवर किंवा अक्षरसंख्येवर. त्यामुळे भाषांतरित गीतात पुष्कळदा चालीचा जोर शब्दाच्या नको त्या अक्षरावर पडतो आणि बोलण्यातले शब्द गाताना अनोळखी होतात. शिवाय असे गीत सर्वांनी एकदम, कडव्यामागून कडवे म्हणावयाचे असल्याने हातात पुस्तक लागते, आणि पुस्तक हातात असून भागत नाही, वाचताही यावे लागते. भजनात एकाने ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती उचलायची आणि ध्रुपद पुन्हा पुन्हा फिरत राहायचे. टाळ-मृदंगाच्या साथीने म्हणताना दोन आवर्तनांत ते निरक्षर माणसालाही येते. कोणत्या घाटात लिहावे याचा निर्णय हा अशा रीतीने मंडळीत कोणाच्या तोंडाला जागा मिळावी याचाही निर्णय होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, तेही या दृष्टीने पाहावे.

ही गरज प्रॉटेस्टंट मंडळ्यांपुरती नव्हती आणि नवीही नव्हती. रायतूर येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी देवळात जमलेल्या नवख्रिस्ती लोकांपैकी एक जण पाद्रीकडे मागणी करतो, की आमची जुनी पुराणे बंद झाली, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही द्या. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ त्या मागणीचे उत्तर आहे, आणि तो देवळांतून वाचून दाखविला जाई. मिस्सा लॅटिनमध्ये, पुराण मराठीत, अशी ती विभागणी होती. मिस्साच देशी भाषेत होण्याचा मार्ग दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) मोकळा केला. वसईच्या कॅथलिक मराठीचा विषय येथून सुरू होतो. तो स्वतंत्र लेखाचा आहे.

टिळकांच्या अभंगांकडे परत येताना त्यांच्या नाममुद्रेपाशी थांबावेसे वाटते. ‘तुका म्हणे’ म्हणणारा वारकरी तुकोबांची साक्ष काढीत असतो. तो स्वतः तुका होत नाही. टिळकांनी स्वतःचे नाव न घालता ‘दास म्हणे’ अशी मुद्रा योजिली. समर्थांच्या काव्यामुळे मराठी कानाला ती परिचित आहे, पण समर्थांच्या बाबतीत ‘दास’ हे कवीच्या नावाशीच जोडलेले असते. टिळकांच्या अभंगात ते कोणाचेच नाव नसल्यामुळे ते म्हणणाऱ्या प्रत्येकाचे होते. अभंगातील ‘मी’ कवीचा राहत नाही. शंभर माणसे म्हणत असतील तर तो शंभर जणांचा असतो. चरित्रात्मक समीक्षेला नेमके हेच दिसत नाही.

पण प्रश्न येथे संपत नाही, उलट अवघड होतो. ‘दास’ हा शब्द चित्पावन ब्राह्मण कवीने स्वतःस लावला तेव्हा त्यात अहंकाराचा त्याग आहे. गावकीची वेठ पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या घरातील माणूस तोच शब्द उच्चारतो, तेव्हा त्याने कशाचा त्याग करावयाचा? एक उत्तर असे, की ख्रिस्ताचा दास झालेला मनुष्य पाटलाचा दास राहत नाही, म्हणजे शब्दच मुक्तीचा होतो. दुसरे उत्तर असे, की नम्रतेची ही भाषा आधीच नमविलेल्या माणसाला आणखी नमविते. माझा कल पहिल्या उत्तराकडे आहे, कारण समूहात म्हणताना हा शब्द वरिष्ठ-कनिष्ठ दोघांनाही एकाच ओळीत उभे करतो. देवळाबाहेर उभ्या चोखोबाला जे मिळाले नाही ते येथे निदान गाण्यापुरते मिळते. मात्र ‘गाण्यापुरते’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरतो. विवाहसंबंध ठरविताना जुनी जात मंडळीतही विचारली गेली, हे विसरून चालणार नाही.

मंडळीची ही मर्यादा टिळकांना स्वतःला जाणवली असावी. १९१७ मध्ये मिशनच्या सेवेतून बाहेर पडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दरबाराला पुढे बळ मिळाले नाही. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, पण दरबार पुढे नेणारे कोणी उरले नाही. टिळकांची भजने मात्र ज्या मंडळीतून ते दूर झाले होते तिच्यातच राहिली, आणि तिनेच ती म्हटली.

म्हणून अभ्यासकाने या भजनांची पाठचिकित्सा छापील आवृत्तींवर थांबवू नये. कोणते कडवे म्हणताना गळते, कोणत्या शब्दाचा उच्चार बोलीप्रमाणे बदलतो, छापलेली चाल सोडून कोणती चाल धरली जाते, अंत्यविधीला कोणते भजन निवडले जाते आणि ते कोण सुरू करते, याची नोंद व्हावयास हवी. पुस्तक न उघडता म्हणणारी वृद्ध माणसे अजून खेड्यांतील मंडळ्यांत भेटतात. पदव्युत्तर प्रबंधासाठी एका तालुक्यातील चार-पाच मंडळ्या पुरेशा आहेत.