बाय, बाळाला पुढे उभे करू नकोस

बाय, बाळाला घेऊन पेडण्याहून डिचोलीला गाडीवरून येणार म्हणतेस, तर निघण्याआधी मामाचे थोडे ऐकून घे. धारगळ, कोलवाळचा पूल, थिवी, अस्नोडा, मुळगाव हा रस्ता तुझ्या पायाखालचा आहे. पण आजवर त्या रस्त्याने तू एकटी आलीस. आता सोबत दीड वर्षाचे मूल असणार.

सगळ्यात आधी, त्याला पुढे पायांपाशी उभे करायचे नाही. आपल्याकडे घरोघर तेच चालते. समोर दिसते, हाताशी राहते, असे म्हणतात. हाताशी कुठले राहायला? तुझे दोन्ही हात हँडलला गुंतलेले. कुत्रे किंवा गाय आडवी आली आणि तू कचकन ब्रेक दाबलास, की मूल होते त्याच वेगाने पुढे जाते. हनुवटी, दात, गळा थेट हँडलवर आपटतो आणि मागून तुझे अंगही त्याच्यावर येते. त्यातून उभ्या मुलाचा हात रेसच्या मुठीपर्यंत सहज पोचतो. दुकानासमोर इंजिन चालू ठेवून तू सुटे पैसे काढत असशील आणि त्याने मूठ पिळली, तर बिनगिअरची गाडी जागची उसळते. म्हणून गाडी थांबली की चावी बंद. एका मिनिटासाठी थांबलीस तरी बंद. आणि उभ्या गाडीवर त्याला एकटे बसवून कुठे जाऊ नकोस.

मूल मागे बसवायचे आणि पट्ट्याने तुझ्या अंगाला बांधायचे. हे मी मनाचे सांगत नाही. केंद्र सरकारने 15 फेब्रुवारी 2022 ला मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि वर्षभराने ती लागू झाली. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना तीन गोष्टी हव्यात: चालवणाऱ्याला जोडलेला सुरक्षा पट्टा, मुलाच्या डोक्याला बसणारे हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरच्या आतला वेग. नऊ महिन्यांच्या आतले बाळ मात्र गाडीवर घ्यायचेच नाही, हे माझे मत. त्याची मान अजून खड्ड्यांचे हिसके सोसण्याइतकी धरलेली नसते.

पट्टा म्हणजे मुलाला घालायचे एक जाकीट. त्याला जोडलेले बंद तुझ्या खांद्यांवरून येतात आणि मुलाची छाती-पाठ तुझ्याशी धरून ठेवतात. नियमाप्रमाणे तो 30 किलो वजन पेलणारा, पाण्याने खराब न होणारा आणि लहान-मोठा करता येणारा हवा. घेताना बाळाला दुकानात सोबत ने आणि घालूनच बघ. बंद आणि छाती यांच्यामध्ये दोन बोटे जेमतेम शिरली पाहिजेत; पंजा शिरत असेल तर तो सैल आहे. बक्कल लागल्यावर दोनदा ओढून खात्री कर. ओढणीने किंवा जुन्या साडीने बांधणे हा पर्याय नव्हे. गाठ सुटते, आणि पदर चाकात गेला तर दोघेही खाली येता.

बांधायचाही क्रम असतो. तू आधी बसायचे, दोन्ही पाय जमिनीवर, इंजिन बंद. मग दुसऱ्या कुणीतरी बाळाला मागे बसवून बक्कल लावायचे. उतरताना उलटे: आधी बाळ सोडवून खाली, मग तू. बाळ बांधलेले असताना एका पायावर उतरायला गेलीस तर तोल जाणार. बाळाला डाव्या बाजूनेच चढव-उतरव, कारण सायलेन्सर उजवीकडे असतो आणि तापलेल्या सायलेन्सरला लहान पोटरी टेकली की कातडी सोलून निघते. पाय चाकाकडे लोंबकळू देऊ नकोस. पायात चप्पल नको, बंद बूट हवेत.

हेल्मेट वाढत्या अंगाचे घेऊ नकोस. भुवयांच्या वर दोन बोटे राहील असे बसले पाहिजे, आणि डोके हलवले तर हेल्मेट डोक्याबरोबर हलले पाहिजे. हेल्मेट घालून बाळ घरात थोडे खेळू दे, म्हणजे रस्त्यावर रडून काढून टाकणार नाही. चार वर्षे झाली तरी हेल्मेट कायद्याने सक्तीचेच आहे.

जावईबापू चालवतील आणि तू बाळाला मांडीवर घेऊन मागे बसशील, असेही मनात आणू नकोस. मोटार वाहन कायद्याच्या कलम 128 प्रमाणे चालवणाऱ्यामागे एकच माणूस बसू शकतो. लहान मुलांना यातून सूट द्या अशी मागणी केरळने 2023 मध्ये केंद्राकडे केली होती. ती मान्य झाली नाही. कायदा बाजूला ठेवला तरी धडकेच्या क्षणी आईचे हात मुलाला धरून ठेवू शकत नाहीत, प्रेम कितीही असो. ताशी 40 च्या वेगाने आपटणे म्हणजे सहा मीटरांवरून, दुमजली घराच्या गच्चीवरून पडणे. 60 ला तो मार सव्वादोन पट होतो. म्हणून नव्या रुंद हमरस्त्यावर, मोपा विमानतळाच्या टॅक्स्या भराभर मागे टाकून जातात तिथे, तू डावीकडून सावकाश ये. मागचा हॉर्न वाजवतो तर वाजवू दे.

डिचोलीकडे खाणीचे ट्रक दिसले तर त्यांना पुढे जाऊ दे. त्यांच्या डाव्या अंगाला घुसू नकोस, ड्रायव्हरला तिथले दिसत नाही. पहिल्या पावसात तांबड्या मातीचा थर रस्त्यावर निसरडा होतो, तेव्हा बाळाला घेऊन गाडी काढूच नकोस. चालत्या गाडीवर छत्री उघडणे किंवा बाळाला रेनकोटच्या आत कोंबणे, दोन्ही धोक्याचे. केरी-तेरेखोल किंवा नार्वेच्या फेरीबोटीवर कधी गेलीस तर उतारावर बाळाला उतरवून कडेवर घेऊन कुणीतरी चालत जावे. भरती-ओहोटीने तिथे शेवाळ धरते.

जेवून दुपारी परत निघू नकोस. बाळ पेंगते, हेल्मेटच्या वजनाने मान कलते. झोपलेले मूल गाडीवर न्यायचे नाही. चवथीच्या दिवसांत गणपतीच्या माटोळीचे सामान आणि बाळ एकाच फेरीत आणू नकोस. हँडलला लटकलेली पिशवी वळणावर गाडी ओढते.

आणि पडझड झालीच तर घाईने हेल्मेट ओढून काढू नका. 108 ला फोन करा. बाळ हसते-खेळते दिसले तरी पुढच्या दिवसभरात उलटी झाली किंवा ते नेहमीपेक्षा जास्त झोपायला लागले, तर तडक म्हापशाचे जिल्हा इस्पितळ नाहीतर बांबोळीचे मोठे इस्पितळ गाठायचे.

पट्टा पेडण्यात नाही मिळाला तर म्हापशाला बघ. तो हातात येईपर्यंत बाळाला घेऊन कदंबच्या बसने ये. डिचोलीच्या स्टँडवर मी न्यायला येतो.