रंगूनचे सचिवालय

मी शाळेत असताना वडिलांबरोबर सातबाराचा उतारा आणायला कचेरीत गेलो होतो. वडिलांनी दाराबाहेर वहाणा काढल्या आणि मगच आत पाऊल टाकले. ते देऊळ नव्हते. पण त्यांना तसे वाटले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. सरकारी इमारत नेमकी कोणाची, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे. इतिहासाच्या अभ्यासात रंगूनच्या, म्हणजे आजच्या यांगोनच्या, सचिवालयाची हकीकत वाचली आणि तो प्रश्न पुन्हा जागा झाला.

१८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले जिंकले. थिबा राजाला पदच्युत करून हिंदुस्थानात आणले. पुढे त्याला आपल्या रत्नागिरीस ठेवले व तेथेच १९१६ मध्ये त्याचा अंत झाला. ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांत बनला आणि १९३७ पर्यंत तसाच राहिला. या प्रांताच्या कारभारासाठी रंगूनच्या मध्यवस्तीत सचिवालय उभारण्यात आले. १९०५ च्या सुमारास त्याचे काम पुरे झाले. लाल विटांची ही प्रचंड वास्तू सुमारे १६ एकरांच्या आवारात पसरलेली आहे. राजा समुद्रापार आणि त्याच्या प्रजेचे भवितव्य परक्यांच्या फायलींत, अशी ती स्थिती होती.

या इमारतीशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, तो आँग सान मुळात विद्यार्थी चळवळीतला. तो रंगून विद्यापीठातील विद्यार्थी संघाच्या मासिकाचा संपादक होता. १९३६ मध्ये एका अधिकाऱ्यावर टीका करणारा निनावी लेख त्यात छापून आला. लेखकाचे नाव सांगण्यास त्याने नकार दिला, म्हणून त्याला विद्यापीठातून काढण्याचा हुकूम झाला. त्यातून विद्यार्थ्यांचा मोठा संप झाला. आपल्या या वार्षिकाच्या वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दहा वर्षांनी तोच आँग सान हंगामी सरकारचा प्रमुख नेता म्हणून सचिवालयात बसू लागला. १९ जुलै १९४७ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास तेथे कार्यकारी मंडळाची बैठक चालू असता बंदूकधारी आत शिरले व त्यांनी गोळ्या झाडल्या. आँग सानसह एकूण नऊ जण बळी पडले. आँग सान तेव्हा अवघा ३२ वर्षांचा होता. मृतांत मंत्री अब्दुल रझाक व त्यांचा १८ वर्षांचा अंगरक्षक को ठ्वे हेही होते. को ठ्वे आज माझ्या वयापेक्षा एका वर्षाने लहान ठरतो, हे वाचताना मन सुन्न झाले. कटाचा सूत्रधार माजी पंतप्रधान ऊ सॉ याला १९४८ मध्ये फाशी झाली. १९ जुलै हा दिवस तेथे हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो.

४ जानेवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाला. संसदेची बैठक याच आवारात भरू लागली. इमारतीला ‘मंत्र्यांचे कार्यालय’ असे नाव पडले. आपल्याकडेही १९७५ मध्ये मुंबईच्या सचिवालयाचे मंत्रालय झाले, त्याची येथे आठवण होते. परंतु नाव बदलले म्हणजे मालक बदलतोच असे नाही. १९६२ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, संसद गेली आणि सामान्य माणसाला पुढे कित्येक वर्षे ही इमारत कुंपणाबाहेरूनच पाहावी लागली. २००५ पासून राजधानी नेपिडोला हलू लागली आणि जुने दिवाणखाने ओस पडले. गेल्या दशकात डागडुजी होऊन काही भाग लोकांना पाहण्यासाठी खुला झाला. पण १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली.

यावरून मला एवढेच समजले की, इमारत पाहायला आत जाणे वेगळे आणि आपले काम घेऊन हक्काने आत जाणे वेगळे. पहिल्याला दरवाजा उघडा असला की पुरते. दुसऱ्यासाठी आँग सानसारख्यांनी प्राण वेचले, आणि तेथील जनतेला तो हक्क अजून मिळायचा आहे.

आपल्याला तो मिळालेला आहे. वापरण्याची सवय मात्र सर्वांना झालेली नाही. पुढच्या खेपेस उतारा आणायला जाईन तेव्हा वडिलांना बरोबर नेणार आहे. दाराशी ते वाकले, की म्हणेन, “आबा, वहाणा पायातच राहू द्या.”